शेल वायू: साठे अनेक देशांत, मग भरभराट अमेरिकेतच का?

प्रश्न
अमेरिकेत निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे तीन चतुर्थांश वायू आज शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या थरदार खडकांतून येतो आणि २०२३ मध्ये तो देश द्रवरूप नैसर्गिक वायूचा सर्वांत मोठा निर्यातदार ठरला. शेलचे थर पोलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमध्येही आहेत. तेथे असे का घडले नाही? अडचण तंत्रज्ञानाची की विरोधाची?

प्रतिसाद १
तंत्रज्ञान गुप्त राहिलेले नाही. शेलमधील छिद्रे अतिसूक्ष्म असल्याने वायू आपणहून विहिरीकडे येत नाही. त्यासाठी पाणी, वाळू आणि थोडी रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडतात आणि वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील बार्नेट शेलमध्ये या पद्धतीचा खर्च आटोक्यात आणला. २००२ मध्ये डेव्हन एनर्जीने ती कंपनी घेतल्यावर त्याला आडव्या, म्हणजे खोलवर वळून थरातून पुढे जाणाऱ्या विहिरींची जोड मोठ्या प्रमाणावर मिळाली. पोलंडमध्ये मात्र चाचणी विहिरींतून पुरेसा वायूच मिळाला नाही. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेल्या शेलला नीट भेगा पडत नाहीत, हे त्यामागचे एक कारण. फ्रान्सने २०११ मध्येच या पद्धतीवर बंदी घातल्यामुळे तेथील खडकाची परीक्षा झालीच नाही.

प्रतिसाद २
वरील मुद्द्यात भर घालतो, कारण माझ्या मते खरी मेख अर्थकारणात आहे. शेल विहिरीचे उत्पादन बहुधा पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक घटते, त्यामुळे उत्पादन नुसते टिकवायचे म्हटले तरी सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात. त्यासाठी खोदयंत्रे, वाहिन्यांचे जाळे आणि जमीनमालकांची संमती लागते. अमेरिकेत खनिजाचा हक्क अनेकदा खासगी मालकाकडे असल्याने त्याला स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) मिळते; युरोपात तो बहुतांशी सरकारचा, म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याला केवळ उपद्रव. अर्जेंटिनातील वाका मुएर्ता येथे खडक उत्तम आहे, तरी वायू वाहून नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असल्याने उत्पादन बराच काळ अडून राहिले.

प्रतिसाद ३
उपद्रवाला केवळ गैरसमज मानू नये. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये लँकेशायरमधील विहिरीजवळ २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधील काम थांबवण्यात आले. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील भूकंप बहुतांशी भेगा पाडल्यामुळे नव्हे, तर तेल-वायूबरोबर वर आलेले खारे पाणी खोल थरांत परत सोडल्यामुळे झाले. त्यामुळे विहिरीइतकेच त्या पाण्याच्या विल्हेवाटीवरही नियंत्रण हवे.