‘दुसरी बायको ५५ लाच संपली’ म्हणणाऱ्या भाऊंना

तापीकाठची
परवा धुळ्यात एका इतिहासकार बाईंचं व्याख्यान झालं. विषय मुंबई इलाख्यातला द्विभार्याबंदीचा कायदा आणि समाजसुधारणा. त्यावर काल इथे एक पोस्ट पडली: “१९४६ ला इलाख्यात कायदा झाला, १९५५ ला देशभर झाला, दुसरी बायको संपली. इतिहासकारांना दुसरा उद्योग नाही.” जुने धुळेकर भाऊ, इतिहासाचार्य राजवाडे शेवटपर्यंत ज्या धुळ्यात राहून विवाहसंस्थेचा इतिहास खणत होते, त्या गावात बसून तुम्ही हे लिहिता?

माझी मावशी अमळनेरजवळच्या खेड्यात दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात मावसांनी दुसरी आणली. रात्री ओसरीवर पाट लावला, हार घातले, नारळ फोडला, पंधरा-वीस माणसं वरण-बट्टी जेवली. त्या बट्ट्या मावशीनेच तळल्या होत्या. पोळलेला हात तिने आम्हा पोरांना दाखवला, बाकी काही बोलली नाही. मामा तिला घेऊन वकिलाकडे गेले. वकिलाने दोनच प्रश्न विचारले, “होम झाला का? सप्तपदी झाली का?” नाही म्हटल्यावर फाईलही उघडली नाही. १९६५ चा भाऊराव लोखंडे खटला बघा. आपल्याच महाराष्ट्रातला. दुसरं लग्न गंधर्व पद्धतीने लावलं, होम-सप्तपदी सिद्ध झाली नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने नवऱ्याला सोडलं. आता सांगा, काय संपलं?

जुना धुळेकर
पोस्ट माझीच. ताई, मावशीचं वाईट वाटलं, पण एका मावशीवरून कायदा जोखायचा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या बाया १.४ टक्के. माझ्या पणजोबांना तीन होत्या आणि गावात त्याचा मान होता. आज दोन असणारा माणूस दुसरीला ‘नात्यातली’ म्हणून सांगतो. ही लाज कुठून आली? कायद्यानेच ना?

अहिराणी माणूस
थांबा भो. पाट हा विधवेचा नाहीतर काडीमोड झालेल्या बाईचा. कुमारिकेचा पाट होत नाही. पुण्याच्या पुस्तकांत पाट, गंधर्व, मोहतूर सगळं एका टोपलीत घालतात आणि आपली पोरं तेच पाठ करतात. आम्हना गावमा असं म्हणाल तर म्हाताऱ्या हसतील.

तापीकाठची
दादा, ती दुसरी आधीच्या नवऱ्याने टाकलेली होती, फारकत झालेली. म्हणून पाटच म्हटलं. लग्न लागताना मी तिथेच होते.

अहिराणी माणूस
मग बरोबर. हे आधी लिहायला पाहिजे होतं.

राष्ट्र_प्रथम
हिंदूंनाच सगळे कायदे. त्यांना चार चालतात, त्यावर इतिहासकार बाई काही बोलल्या का?

कोर्टातला कारकून
हा प्रश्न १९५१ लाच विचारून झालाय. नरसू आप्पा माळी खटला, मुंबई हायकोर्ट, छागला आणि गजेंद्रगडकर. १९४६ च्या कायद्याने हिंदूंवर अन्याय होतो, हेच म्हणणं होतं. सरकार सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकतं, असं कोर्टाने सांगितलं. मुलगा हवा म्हणून दुसरी बायको, यावर दत्तक घ्या म्हणाले. धुळेकरांच्या त्याच पाहणीत हिंदू १.३, मुस्लिम १.९ आणि अनुसूचित जमाती २.४.

राष्ट्र_प्रथम
आकडे कसेही फिरवता येतात.

धडगावचा
२.४ मध्ये आम्ही आलो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) वाचा, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो आम्हाला लागू नाही. माझ्या चुलत्याला दोघी, देज, म्हणजे मुलीच्या बापाला पैसे, देऊन आणलेल्या. बाहेरचे येऊन ‘सुधारा’ म्हणतात तेव्हा राग येतो. पण मोठ्या काकूला विचारलं तर ती काय सांगेल तेही मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

रावेरचा केळीवाला
तुमचं चालू द्या. माझं दुखणं वेगळं. धाकल्या मायची दोन पोरं वडील गेल्यावर सात-बाऱ्याला वारस लावा म्हणून बसलीत. लग्न बेकायदेशीर, मग हिस्सा कसला? केळी मी लावली, मोटर मी बसवली, करपा आला तेव्हा रात्र रात्र फवारणी मी केली. तेव्हा हे सुरतेला होते.

कोर्टातला कारकून
त्याच हिंदू विवाह कायद्याचं कलम १६. लग्न रद्दबातल, पोरं औरस. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मृत्यूच्या अगोदर वाटणी झाली असं धरायचं, वडिलांच्या वाट्याला जे येईल त्यात ती पोरंही वारस. तुमच्या स्वतःच्या वाट्याला धक्का नाही.

रावेरचा केळीवाला
कोर्टात बसून सांगायला काय जातं. बांधावर या एकदा.

धाकलीचा
मी तसलाच पोरगा आहे, चोपड्याचा. सुरतेला हौसेने जात नाही कोणी, घरात ताट वेगळं मांडतात म्हणून जातात. बाप सरकारी नोकरीत होता, म्हणून माझ्या आईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. बाप वारला त्या दिवशी तिला ओसरीच्या खाली बसवलं होतं. मोटर तुम्ही बसवली, मान्य. बाप तुम्ही नव्हता बसवला.

रावेरचा केळीवाला
तोंड सांभाळून. मी माझ्या भावांना कधी उपाशी ठेवलं नाही.

धाकलीचा
भाऊ म्हणालात. एवढं तलाठ्यासमोर म्हणा.

जुना धुळेकर
धागा द्विभार्येचा होता, फेरफारावर गेला.

तापीकाठची
तोच विषय आहे भाऊ. कायद्याने नवऱ्याला धरायचं ठरवलं आणि तक्रार ठेवली बायकोवर, फार तर तिच्या माहेरच्यांवर. पोलीस आपणहून बघत नाहीत. जिने त्याच घरात भाकर खायची ती कोर्टात जाणार? मावशी गेली नाही. मावसा गेल्यावर आज दोघी म्हाताऱ्या त्याच घरात आहेत, चुली दोन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघींनाही माहेर उरलेलं नाही, म्हणून मी दोघींना साडी नेते. बाई व्याख्यानात हेच मांडत होत्या, की कायद्याने पुस्तकातलं लग्न धरलं आणि ओसरीवरचं सुटलं. तुम्ही होतात का तिथे?

जुना धुळेकर
नव्हतो. गुडघा दुखत होता. बरं, ‘संपली’ हा शब्द मागे घेतो, ‘कमी झाली’ असं वाचा. ‘उद्योग नाही’ हे मात्र मागे घेत नाही, कारण हे सगळं कारकून भाऊंनी फुकटात सांगितलं.

कोर्टातला कारकून
मी पण त्या व्याख्यानालाच होतो, मागच्या रांगेत. अर्धं तिथलंच सांगतोय.

जुना धुळेकर
घ्या. पुढचं कधी आहे ते टाका मग. जमलं तर येईन.

रावेरचा केळीवाला
मोटरचा खर्च वाटणीत धरतात का, तेवढं सांगून जा कोणीतरी.