कंपनीनेच गाशा गुंडाळला तर? फोन आणि लॅपटॉप निवडताना काय बघावं, सल्ला हवा

रानवारा
नमस्कार मंडळी. आईसाठी फोन आणि धाकट्या भावाच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. आईचा सध्याचा फोन ज्या कंपनीचा आहे तिने मोबाइलचा धंदाच बंद केला. फोनला काही झालेलं नाही. पण सुरक्षा अपडेट थांबलेत, बँकेचं अॅप उघडत नाही आणि बॅटरी बदलायची तर मूळ कंपनीचा भाग कुठेच मिळत नाही. चालती वस्तू अशी टाकून द्यावी लागते याचं मनापासून वाईट वाटतं.

म्हणून "कोणतं मॉडेल घेऊ" हा माझा प्रश्न नाही. कोणती कंपनी टिकेल हे आधी ओळखता येतं का? मोठं नाव घेतलं की निर्धास्त राहता येतं का?

जुना कळफलक
मोठ्या नावावर निर्धास्त राहू नका. एलजी काही लहान कंपनी नव्हती. पण फोनच्या धंद्यात जवळपास सहा वर्षांत साडेचार अब्ज डॉलर बुडाल्यावर एप्रिल 2021 मध्ये तिने तो विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. टीव्ही आणि फ्रिज चालूच राहिले. एचपीने 2010 मध्ये पाम ही कंपनी 1.2 अब्ज डॉलरला घेतली, 1 जुलै 2011 ला टचपॅड नावाचा टॅब्लेट आणला आणि 18 ऑगस्टला तो बंद केल्याचं सांगून टाकलं. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते! मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन विभाग 2014 मध्ये ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी 7.6 अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले.

माझं मत असं, की ज्या कंपनीचा फोन हा जोडधंदा आहे तिला तो सोडणं सोपं जातं. फोन हीच जिची भाकरी आहे ती जास्त झुंजते, पण बुडाली की पूर्ण बुडते.

आणि भविष्य ओळखता येतं का म्हणाल, तर 2007 मध्ये जगातले सुमारे निम्मे स्मार्टफोन नोकियाचे होते. त्याच्या दहाच वर्षं आधी अॅपल इतकी अडचणीत होती की मायक्रोसॉफ्टने तिच्यात 15 कोटी डॉलर गुंतवले होते. 1997 साली या दोघींपैकी कोण टिकेल असं विचारलं असतं, तर बहुतेकांनी नोकियाचंच नाव घेतलं असतं.

तांब्याची तार
रानवारा, तुमचा प्रश्न मी थोडा फिरवतो. कंपनी टिकेल का, यापेक्षा कंपनी गेली तर वस्तू किती टिकेल, हे विचारा. इथे फोन आणि लॅपटॉप यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं काम हार्डवेअरमधलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयबीएमने 1981 मध्ये पीसी आणला तो बाजारात मिळणारे भाग वापरून. प्रोसेसर इंटेलचा, संगणक चालवणारी डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टची. स्वतःची म्हणावी अशी मुख्य गोष्ट होती बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणारा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅकने तिच्यासारखंच काम करणारी बायोस स्वतः लिहिली आणि 1982 च्या अखेरीस आपला पीसी जाहीर केला. मग इतरही कंपन्या उतरल्या. तेव्हापासून पीसी ही कोणा एका कंपनीची मालमत्ता राहिली नाही. पुढे कॉम्पॅक 2002 मध्ये एचपीत विलीन झाली, आयबीएमने स्वतःचाच पीसी विभाग 2005 मध्ये लेनोवोला दिला, गेटवे 2007 मध्ये एसरकडे गेली. पण कोणाचा संगणक त्या दिवशी निकामी झाला नाही. विंडोजचे अपडेट थेट मायक्रोसॉफ्टकडून येतात, रॅम (काम चालू असतानाची मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारा भाग) दुसऱ्या कंपनीची चालते, आणि काहीच नाही तर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते.

फोनचं तसं नाही. प्रत्येक मॉडेलसाठी अँड्रॉइड वेगळं बांधावं लागतं. त्यातले ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, चिप बनवणारी कंपनी देते, फोनची कंपनी ते आपल्या कॅमेऱ्याशी, मोडेमशी, स्क्रीनशी जुळवते, आणि तयार झालेल्या सॉफ्टवेअरवर स्वतःची डिजिटल सही करते. बूटलोडर (फोन चालू होताना मुख्य सॉफ्टवेअर सुरू करणारा प्रोग्राम) कुलूपबंद असेल तर त्या सहीशिवाय दुसरं काही चालत नाही. गूगल थोडेफार भाग प्ले स्टोअरमार्फत सुधारत राहतं, पण खालचा पाया फोन कंपनीच्याच हातात. ती गेली की पाया गोठला. एलजीने धंदा सोडतानाही निवडक फोनना पुढच्या आवृत्त्या देण्याचं वचन दिलं होतं हे मान्य करायला हवं, पण 30 जून 2025 ला तिने अपडेट सेवाही बंद केली. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनचं तर याहून वाईट झालं. त्यांची सेवा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होती. 4 जानेवारी 2022 ला ती थांबली आणि साध्या कॉलचा आणि मेसेजचाही भरवसा उरला नाही.

म्हणून लॅपटॉप घेताना कंपनीच्या भवितव्याची फार चिंता करू नका. रॅम आणि एसएसडी बदलता येते का, बॅटरी स्क्रू काढून निघते की चिकटवलेली आहे, चार्जिंग यूएसबी-सीवर होतं का, एवढं बघा. हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये रॅम थेट बोर्डावर जोडलेली असते. तसा घेतलात तर पीसीचा निम्मा फायदा गेला.

दुपारची सावली
लॅपटॉपबाबत एक भर. विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 पर्यंतच नेहमीचा पाठिंबा होता आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही संगणकातली सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. भावासाठी वापरलेला लॅपटॉप बघत असाल तर हे आधी तपासा.

फोनसाठी मी एकच गोष्ट बघते. सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत, हे कंपनीने लेखी दिलंय का? गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 पासून 7 वर्षांचं वचन दिलं आहे. पण ते सगळ्या मॉडेलना नसतं, स्वस्त फोनना बरेचदा कमी असतं. आणि वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळालं तर ती दोन वर्षं वजा करा.

रानवारा
खूप आभार, तांब्याची तार यांचं विशेष. आणखी एक शंका. नोकिया, व्हायो, तोशिबा ही नावं अजून ऐकू येतात. जुन्या नावावर विश्वास ठेवावा का?

जुना कळफलक
नावामागे आज कोण आहे ते बघा. नोकिया हे नाव 2016 पासून एचएमडी या कंपनीने परवान्यावर वापरलं. ब्लॅकबेरीचं नाव टीसीएल या कंपनीने तसंच घेतलं आणि तो करार 2020 मध्ये संपला. सोनीने व्हायो 2014 मध्ये विकला, तोशिबाचे लॅपटॉप शार्पकडे जाऊन 2019 पासून डायनाबुक झाले. नवा मालक वाईटच असतो असं मुळीच नाही. आयबीएमचा थिंकपॅड लॅपटॉप लेनोवोकडे नीट जगला. फक्त हमी आणि सुटे भाग कोण देणार, हे आजच्या मालकाला विचारायचं. परवाना संपतो तेव्हा याच दोन गोष्टींवर प्रश्नचिन्ह येतं.

तांब्याची तार
सहमत. आणि लहान कंपनीला सरसकट नाही म्हणू नका. इसेन्शियल 2020 मध्ये बंद झाली तेव्हा तिच्या फोनचे अपडेट तिथेच थांबले, हे खरं. पण फेअरफोन लहान असूनही सुटे भाग स्वतः विकते आणि फोन घरच्या घरी उघडता येतो. बूटलोडर अधिकृतपणे उघडू देणारी कंपनी मिळाली तर तिला माझ्याकडून जास्त गुण, कारण ती गेल्यावरही हौशी लोक त्या फोनसाठी सॉफ्टवेअर बनवू शकतात. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियमच झालाय: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान 5 वर्षं अपडेट आणि 7 वर्षं महत्त्वाचे सुटे भाग. तिथे विकलं जाणारं मॉडेल निवडलंत तर निदान भाग बनत राहण्याची शक्यता वाढते.

दुपारची सावली
आईंचा जुना फोन टाकू नका हं. बँकेचं आणि मुख्य ईमेलचं खातं त्यातून काढा, सिम काढा, फॅक्टरी रीसेट करा. गाणी, रेडिओ, गजर यांसाठी तो अजून पुष्कळ चालेल. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंगला लावू नका, सरळ ई-कचरा केंद्रात द्या.