वास न येणे आणि वयात न येणे यांचा संबंध कसा उलगडला?

निशिगंध (प्रश्न):
मी बारावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवते. संप्रेरकांविषयी बोलताना कालमन सिंड्रोमचा विषय निघाला. या विकारात मुलगा आपोआप वयात येत नाही आणि त्याला जन्मापासून वासही येत नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, की नाकाचा आणि वृषणांचा संबंध काय? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील डोनाल्ड फाफ यांच्या प्रयोगशाळेने याचा उलगडा केला, असे वाचले आहे. पण फाफ यांचा मुख्य विषय तर संप्रेरके आणि वर्तन हा होता. या रुग्णांत कामेच्छाही फार कमी असते, तेव्हा यातून कामेच्छेचे जनुक सापडले असे वर्गात सांगता येईल का?

गर्भविज्ञान:
ही दोन लक्षणे एकत्र आढळतात, हे निरीक्षण बरेच जुने आहे. स्पेनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ माएस्त्रे दे सान हुआन यांनी १८५६ मध्येच एका शवविच्छेदनात वृषणे अविकसित असल्याचे आणि मेंदूतील गंधकंद (वासाचे संदेश घेणारे भाग) नसल्याचे नोंदवले होते. विकार आनुवंशिक आहे, हे १९४४ मध्ये कालमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले. कारण मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

वयात येण्याची सुरुवात हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील मोजक्या चेतापेशींपासून होते. त्या जीएनआरएच हे अवघ्या दहा अमिनो आम्लांचे संप्रेरक सोडतात, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके स्रवतात आणि त्यांच्या प्रभावाने वृषणे किंवा अंडाशय कामाला लागतात. या पेशी मेंदूत असल्यामुळे त्या तिथेच जन्मत असणार, असे गृहीत धरले जात होते. १९८९ मध्ये मार्लिन श्वान्झेल-फुकुदा आणि फाफ यांनी उंदरांचे वेगवेगळ्या वयांचे गर्भ तपासले, तेव्हा या पेशी प्रथम नाकाच्या होऊ घातलेल्या अस्तरात दिसल्या आणि पुढच्या दिवसांच्या गर्भांत त्या नाकातून निघणाऱ्या चेतातंतूंच्या आधाराने मेंदूकडे सरकत गेलेल्या आढळल्या. त्याच वर्षी सुसान रे यांच्या गटानेही स्वतंत्रपणे हेच दाखवले.

माझ्या मते खरे निर्णायक काम यानंतरचे आहे. कालमन सिंड्रोम असलेल्या १९ आठवड्यांच्या एका मानवी गर्भाचा फाफ यांच्या प्रयोगशाळेने अभ्यास केला. त्यात जीएनआरएच पेशी तयार झालेल्या होत्या, पण त्या नाकात आणि मेंदूखालच्या आवरणांत अडकून पडल्या होत्या. मेंदूत एकही पोहोचली नव्हती. गंधाचे चेतातंतू मेंदूपर्यंत पोहोचले नाहीत म्हणून गंधकंद घडले नाहीत, आणि त्याच तंतूंच्या वाटेने जाणाऱ्या पेशींचीही वाट तुटली. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. १९९१ मध्ये एक्स गुणसूत्रावरील संबंधित जनुक सापडले. त्यापासून बनणारे अनॉस्मिन हे प्रथिन पेशींच्या बाहेर राहून चेतातंतूंच्या वाढीस आणि पेशींच्या प्रवासास मदत करते. पुढे इतरही अनेक जनुके सापडली, त्यामुळे प्रत्येक रुग्णात बिघाड याच जनुकात असतो असे नाही.

अंतःस्राव:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ‘कामेच्छेचे जनुक’ हा शब्दप्रयोग वर्गात कृपया करू नये. फाफ यांनी आधीची अनेक वर्षे मादी उंदरांच्या मेंदूतील नेमक्या कोणत्या चेतापेशी इस्ट्रोजेन धरून ठेवतात आणि तिथून समागमाच्या वेळची प्रतिक्रिया कशी घडते, याचा पायरीपायरीने माग काढला होता. ती शिस्त इथेही उपयोगी पडते: जनुक बिघडले, तंतू पोहोचले नाहीत, पेशी अडकल्या, पिट्युटरीला संदेश मिळाला नाही, टेस्टोस्टेरॉन तयार झाले नाही, म्हणून इच्छा मंदावली. जनुकाचे काम गर्भावस्थेतले आणि वर्तनावरचा परिणाम कित्येक वर्षांनंतरचा आहे, आणि मधली प्रत्येक पायरी वेगळी तपासता येते.

निशिगंध:
मनःपूर्वक आभार. साखळी अशी असेल, तर ती मध्येच दुरुस्त करता येते का?

वैद्य_प्रतिसाद:
होय, आणि रुग्णांच्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. जनुक बदलावे लागत नाही. टेस्टोस्टेरॉन दिल्यास दाढी-मिशा, आवाज, स्नायू आणि कामेच्छा यांत फरक पडतो. मूल हवे असल्यास एचसीजी (एलएचसारखे काम करणारे संप्रेरक) आणि एफएसएचची इंजेक्शने देतात किंवा पंपाने जीएनआरएच देतात. ते ठरावीक अंतराने थोडेथोडेच द्यावे लागते. सतत दिल्यास पिट्युटरी प्रतिसाद देणेच थांबवते, हे अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवले.

मुलाच्या १४ व्या आणि मुलीच्या १३ व्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हे नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. अनेक मुले केवळ उशिरा वयात येतात, हे खरे आहे. पण वास येतो का, हा प्रश्न आवर्जून विचारावा. जन्मापासून वास न येणाऱ्या मुलाला ते उणे असल्याचे जाणवतच नाही, त्यामुळे तो स्वतःहून सांगत नाही.