मदत हवी आहे: 'टॅपेस्ट्रीड' खोली, 'टॅपेस्ट्रीड' खुर्ची – मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इंग्लंडमधल्या क्रूम कोर्ट वाड्यातली एक अख्खी खोली मांडली आहे. तिच्यावरचा लेख मराठीत करतेय आणि 'टॅपेस्ट्रीड' (म्हणजे टॅपेस्ट्री, चित्रं विणलेलं जाड कापड, लावलेलं) या विशेषणापाशी गाडी अडलीय.

वाड्याच्या मालकाने १७६३ मध्ये पॅरिसच्या गोबलँ कारखान्याकडे ही टॅपेस्ट्री सांगितली. कापडाच्या किरमिजी पार्श्वभूमीवर फुलांच्या माळा, पक्षी आणि मधे गोल चौकटींत बूशे या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून विणलेले देखावे. खुर्च्या आणि सोफ्यालाही तेच कापड. त्यामुळे लेखात भिंतीही 'टॅपेस्ट्रीड', खुर्च्याही, आणि शेवटी बागेतला दगडसुद्धा शेवाळाने 'टॅपेस्ट्रीड'!

कृपया 'भरतकाम केलेली' सुचवू नका. भरतकाम तयार कापडावर सुईने होतं. इथे चित्र विणतानाच बाण्याच्या, म्हणजे आडव्या, रंगीत धाग्यांतून उमटतं, पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखं. 'चित्रपट' किती चोख बसला असता, पण तो सिनेमावाल्यांनी कधीच पळवला. 'भित्तिपट' ठीक आहे, पण खुर्चीवर भित्तिपट कसा घालू?

प्रतिसाद १

ताई, 'मढवलेली' घ्या की. टॅपेस्ट्रीने मढवलेल्या भिंती, मढवलेल्या खुर्च्या. दगड मात्र 'शेवाळाने मढलेला', त्याला कोणी मुद्दाम मढवलं नाही.

एक सावधगिरी. क्रूमची टॅपेस्ट्री भिंतीच्या मापाने विणून पक्की बसवलेली आहे, म्हणून 'मढवलेली' शोभतं. इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या ग्रेट हॉलमध्ये राजा आठव्या हेन्रीने ब्रसेल्सहून आणवलेल्या, बायबलमधल्या अब्राहमच्या कथेच्या टॅपेस्ट्री आहेत, त्या टांगलेल्या. राजेलोक मुक्काम हलवताना असल्या टॅपेस्ट्री गुंडाळून बरोबर नेत. इंग्रजी दोन्हीकडे 'टॅपेस्ट्रीड'च म्हणेल, पण आपण तिथे 'टॅपेस्ट्री लावलेल्या भिंती' म्हणावं. उगाच एका शब्दाचा हट्ट कशाला?

धागाकर्ती

'मढलेला दगड' फारच आवडला, घेतला! पण मूळ 'टॅपेस्ट्री'चं काय? ती तशीच ठेवली तर किती जणांना कळेल?

प्रतिसाद २

तशीच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'चित्रं विणून काढलेलं जाड कापड' एवढं जोडा, पुढे नुसतं टॅपेस्ट्री. सोफ्याला कुठे शोधला आपण मराठी शब्द? आणि 'भरजरी' लिहायचा मोह होईल, तो टाळा. तुमच्या वर्णनात जरीचा धागा कुठेच दिसत नाही.