मॅक फिल्टर लावला तरी अभ्यासिकेच्या वायफायवर बाहेरचा मोबाइल कसा चालते?

अभ्यासिका_आर्वी: आमच्या गावच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी पोरं येतात. वायफायचा पासवर्ड साऱ्या गावाले माहीत झाला म्हणून राउटरात मॅक फिल्टर लावला, म्हणजे यादीतल्या मॅकचाच (वायफाय कार्डाच्या ओळख नंबराचा) मोबाइल आत येईन; 22 पोरायच्या मोबाइलचे मॅक नंबर वहीत लिहून एकेक टाकले. तरी रात्री कुलूप असताना डेटा जाते अन् यादीत आपल्याच एका पोराचा मोबाइल दिसते, तो म्हणते मी तं घरी झोपून होतो. दुसरं, लाइन गेली का लिनक्सच्या कॉम्प्युटरचं नेट तुटते, म्हणून नेट चालू करणारा छोटा सी प्रोग्राम लिहून त्याले रूटचा सेटयूआयडी देला (म्हणजे कोणीबी चालवला तरी तो रूटच्या, कॉम्प्युटरच्या मुख्य मालकाच्या, अधिकारानं चालते), पोरायले पासवर्ड सांगा लागत नाही. यात धोका हाये का?

लिनक्सवाला_वर्धा: भाऊ, पहिले त्या पोरावरचा संशय काढा. मॅक म्हणजे कुलूप नाही, दारावरची पाटी हाये. वायफायले पासवर्ड असला तरी आतला मजकूरच झाकला जाते, मॅक हवेत उघडा फिरते, कोणीबी ऐकून घेते. 48 बिटचा नंबर कार्डात भरून येते खरा, पण बाहेर जाते तो सिस्टिम सांगन तो, अन् बदलाले एक कमांड पुरते. पासवर्ड बदला, फिल्टरवर विसंबू नका.

पऱ्हाटी_कोडर: अँड्रॉइड 10 पासून फोन स्वतःच प्रत्येक वायफायले बनावट मॅक देते. वहीत पाहा, नंबरातलं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असन तं तो कारखान्यातला नाही. फोन फॅक्टरी रिसेट केला तं नंबर बदलू शकते, मग आपलंच पोरगं बाहेर राहते.

पण मले तुमच्या प्रोग्रामची जास्त काळजी वाटते. आत सिस्टमसीटीएल (नेटसारख्या सेवा चालू-बंद करणारी कमांड) याचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, देला का? नसन देला तं एखादा पोरगा त्याच नावाची फाइल आपल्या फोल्डरात ठेवन, पाथमध्ये (सिस्टिम कमांड शोधते त्या फोल्डरायच्या यादीत) ते फोल्डर पुढं आणन, अन् तुमचा प्रोग्राम त्याची फाइल रूट म्हणून चालवन. पीकेएक्झेक हा दुसऱ्याच्या अधिकारानं कमांड चालवणारा, मोठमोठ्यायनं वापरलेला सेटयूआयडी प्रोग्राम, त्यातली चूक 2009 पासून होती अन् 2022 च्या जानेवारीत जगासमोर आली. आपण दुपारभरात लिहिलेल्याचं काय सांगावं! नेटवर्क मॅनेजरात (लिनक्सचं नेट जोडणारा प्रोग्राम) आपोआप जोडणी चालू करा, प्रोग्रामची गरजच नाही.

अभ्यासिका_आर्वी: पाथ नव्हता देला, आत्ताच फाइलवरची सेटयूआयडीची एस खूण काढली. पण शोधलं तं पासडब्ल्यूडी (पासवर्ड बदलाची कमांड) अन् सुडो (रूटच्या अधिकारानं काम करायची कमांड) यायवरबी एस दिसते, तेबी काढू का?

लिनक्सवाला_वर्धा: नको! ते असावाच लागते, नाहीतं पोरायले स्वतःचा पासवर्ड बदलता येणार नाही. ते फक्त अपडेट ठेवा. अन् त्या पोराले आज सांगून टाका का त्याची चूक नव्हती.