मदत हवी आहे: कंपोस्टच्या बादलीला वास सुटलाय, अळ्याही झाल्यात

बाल्कनीबाग, लातूर:
तीन आठवडे झाले घरीच खत करतेय. सगळं व्हिडिओत दाखवलं तसंच केलं. तरी घरभर वास, आणि काल झाकण काढलं तर आत अळ्या वळवळत होत्या. सासूबाई म्हणाल्या, रविवारपर्यंत हे गेलं नाही तर मीच गावाकडं जाते. लवकर सांगा. कल्चर पावडर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) वाढवू का?

शेणखत_जिंदाबाद, परभणी:
पावडरीवर पैसे घालू नका. ओंजळभर शेण पाण्यात कालवून ओता. आमच्या आज्यानं उकिरड्यात कधी पावडर टाकली नव्हती.

नांदेडी_आण्णा:
आधीच वास मारतंय, त्यात अजून पाणी ओता म्हणे! ताई, बादली कसली? भोकं आहेत का? कोरडं काय टाकता?

बाल्कनीबाग:
रंगाची रिकामी बादली, २० लिटरची. भोकं पाडली नाहीत, फरशी खराब होईल म्हणून. घरातलं ओलं टाकते, अजून काय टाकणार?

काळी_माती, सेलू:
नाडेप करा. १० बाय ६ बाय ३ फुटांचा विटांचा हौद, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. पुसदच्या पांढरीपांडे काकांची पद्धत आहे, फेल जात नाही.

नांदेडी_आण्णा:
दादा, बाईंचं नाव तरी वाचा. हौद काय बाल्कनीत बांधायचा?
ताई, बिनभोकाच्या बादलीत निव्वळ ओलं म्हणजे ते सडणारच, हवाच नाही ना आत. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली परात ठेवा. ओल्याच्या दुप्पट कोरडं घाला, वरचा थर कायम कोरड्याचा. मूठभर घेऊन दाबायचं: बोटांतून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर अजून कोरडं. अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतील. चावत नाहीत, उलट कचरा खातात.

उदगीरकर:
गांडुळं सोडा की सरळ. मी चार वर्षं करूलालो.

नांदेडी_आण्णा:
मे महिन्यात? प्लॅस्टिकच्या बादलीत? शिजतील बिचारी.

उदगीरकर:
माझी आंब्याखालच्या खड्ड्यात असतात. तुम्ही बादलीचं बोलूलालात होय.

बाल्कनीबाग:
कोरडं म्हणजे नेमकं काय? व्हिडिओतली बाई तपकिरी काहीतरी टाकत होती, मला वाटलं तीच पावडर.

शेणखत_जिंदाबाद:
वाळका पालापाचोळा, सोयाबीनचं भुसकट, लाकडाचा भुसा. कडुलिंबाचा पाला मात्र टाकू नका, जिवाणू मरतात.

काळी_माती:
काही मरत नाहीत. आमच्या अंगणात लिंबच आहे, दुसरा पाला आणू कुठून? थोडा सावकाश कुजतो, एवढंच.

पाणीदार, लातूर:
खत होईल हो, पण बाग जगवायला पाणी? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी सगळ्या कुंड्या देऊन टाकल्या होत्या.

नांदेडी_आण्णा:
त्याचा वेगळा धागा काढा. ताई, झाकण असून घरभर वास कसा? बादली ठेवलीय कुठं?

बाल्कनीबाग:
बाल्कनीत, कूलरच्या मागं. तिथंच सावली असते.

नांदेडी_आण्णा:
अहो, कूलर मागूनच हवा ओढतो! बादलीवरची हवा कूलरच्या जाळीतून थेट सासूबाईंच्या अंगावर.

बाल्कनीबाग:
अगं बाई! बादली दुसऱ्या टोकाला नेली. खिळा तापवून भोकं पाडली, भुसकट सासूबाईंनीच भावाकडून मागवलंय. पण परातीत काळं पाणी साचलंय, घाण वास येतोय. तुळशीला घालू का?

उदगीरकर:
घाला की, टॉनिक हाय ते.

नांदेडी_आण्णा:
तुळशीला नको. सडलेलं पाणी आहे ते, मुळं जळतील. संडासात ओता, वरून एक बादली पाणी सोडा.

शेणखत_जिंदाबाद:
शेण टाकलं का?