'इन द नेम ऑफ द फादर'मधला बाप कोण होता?

झाडीतला बाप:
नमस्कार मंडळी. मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा साईडच्या एका नाटक कंपनीत काम करतो, आठ सीझन झाले, बहुतेक बापाचेच रोल असतात. परवा मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेतला, प्रयोग पहाटे सुटला, परतीच्या गाडीत झोप येईना म्हणून मोबाईलवर हा पिक्चर लावला. हिरो डॅनियल डे-लुईस आहे पण मी बापालेच पाहत राहलो. जेलमध्ये पोरगा चिडून वाट्टेल ते बोलते अन् बाप ऐकून घेते, आवाज चढवत नाही, तरी सीन त्याच्याकडंच जाते. तो मेल्यावर कैदी खिडक्यांतून पेटलेले कागद खाली सोडतात, तिथं मले रडू आवरलं नाही, बाजूले ऑर्गनवाला झोपला होता म्हणून तोंडावर शाल घेतली. नाव पीट पोस्टलथ्वेट. कुठं शिकला हा माणूस, अन् असे रोल करूनच आयुष्य काढलं काय त्यानं? घरचे म्हणतात चाळिशी आली, लीड भेटत नाही तर सोड कंपनी. म्हणून विचारून राहलो.

नागभीडचा:
भाऊ, एकदम खरा नट पकडला तुम्ही. जन्म १९४६ चा, इंग्लंडातल्या वॉरिंग्टनचा, घर कामगाराचं. आधी पाद्री व्हायचं मनात होतं, मग मास्तरकी केली, मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत गेला. तिथून लिव्हरपूलचं एव्हरीमन थिएटर, त्या काळात ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस हे सगळे तिथंच घडले. आडनाव बदल म्हणून लोकायनं सांगितलं, यानं नाही बदललं. आता हे नीट वाचा, तुम्ही पाहिला तो पिक्चर १९९३ चा, तेव्हा हा ४७ वर्षांचा होता! त्याच बापाच्या रोलसाठी सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नॉमिनेशन, भेटलं टॉमी ली जोन्सले ती गोष्ट वेगळी. १९९७ च्या दुसऱ्या ज्युरासिक पार्कमध्ये शिकारी झाला, त्यानंतर स्पीलबर्गनं याले जगातला सर्वांत चांगला नट म्हटलं. अन् एवढं होऊनही २००८ मध्ये त्याच एव्हरीमनमध्ये येऊन किंग लिअर केला. २ जानेवारी २०११ ले कॅन्सरनं गेला.

वणीवाली:
दादा, त्याचा 'ब्रास्ड ऑफ' नक्की पहा, १९९६ चा. खाण बंद पडायला आली आहे आणि हा खाणकामगारांच्या बँडचा म्हातारा मास्तर, कोळशाच्या धुळीनं फुफ्फुसं गेलेली. शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो आणि हा स्टेजवरून ट्रॉफी नाकारतो, माणसं जगली नाहीत तर बाजा काय करायचा असं त्याचं म्हणणं. माझे बाबा खाणीत होते, रात्री खोकला आला की उशीखालचा रुमाल काढायचे आणि सकाळी आई तो आमच्या कपड्यांपासून वेगळा धुवायची, त्यामुळे मला तो पिक्चर एका बैठकीत पाहणं जमलंच नाही. आणि हाच माणूस २००९ मध्ये सरकारला म्हणाला, किंग्जनॉर्थला नवीन कोळशाचं वीज केंद्र मंजूर केलं तर माझा ओबीई (ब्रिटिश सरकारी किताब) परत घ्या. काहींना यात विसंगती वाटते, मला नाही वाटत. कोळशानं माणसाचं काय होते हे त्यानं छातीत घेऊन वठवलं होतं.

जुना प्रॉम्प्टर:
बेटा, विंगेत बसून मी तीस वर्षं नाटकं पाहिली. पब्लिक शेकोटीपाशी उठून जाते ते हिरोच्या लांब भाषणात, आणि परत येऊन बसते ते समोरचा खरंच ऐकतो आहे हे दिसलं की. ऐकणारा नट भेटत नाही आजकाल, सगळे आपल्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे असतात. आपल्या झाडीपट्टीचे परशुराम खुणे बघ, २०२३ ची पद्मश्री भेटली, ते काय हिरोगिरीवर? कंपनी सोडू नको.

झाडीतला बाप:
काका, तुमचं वाचलं अन् काल रात्री शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) प्रयोगात करून पाहिलं. पोरगी घर सोडून जाते त्या सीनमध्ये मी एरवी दोनदा 'थांब' म्हणतो, काल एकदाच म्हटलं अन् तिच्याकडं पाहत राहलो. समोर बायका बसल्या होत्या, त्यायनं पदर डोळ्याले लावला. ताई, 'ब्रास्ड ऑफ' डाउनलोडले टाकला आहे, उद्या गाडीत पाहतो.